मामांचं पासिंग

भीतीचा सिनेमा पाहताना काही माणसं किंचाळतात, काही उगाच मोठ्यानं हसतात आणि काही उशी तोंडावर धरून बोटांच्या फटीतून पाहतात. माझे धाकटे मामा यांपैकी कशातच बसत नाहीत. पडद्यावर काळीकुट्ट मोटार धुरळा उडवत माणसाच्या अंगावर येत असते, संगीत टिपेला पोचलेलं असतं, मामीनं पदराचं टोक दातात धरलेलं असतं आणि नेमक्या त्या क्षणी मामा रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवतात. चष्मा कपाळावर चढवून टीव्हीला नाक लागेल इतके जवळ जातात आणि म्हणतात,

“हिची पुढची नंबरप्लेट कुठाय?”

मामा मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ट्रक, टेम्पो, बस, रिक्षा यांचं पासिंग केलं. ब्रेक दाबून पाहिले, टायरच्या नक्षीत नखं घातली, हॉर्न वाजवायला लावले. त्यांच्या बरोबरीची मंडळी निवृत्तीनंतर हास्यक्लबात गेली, पारायणाला बसली, कुणी गच्चीत दोडके लावले. मामांनी एकच छंद धरला. ज्यात गाडी माणसाच्या जिवावर उठते असे सिनेमे पाहायचे, आणि नुसते पाहायचे नाहीत, एकमेकांशी ताडून पाहायचे. “प्रेमकथेत तपासायचं काय?” असं ते विचारतात. यावर मामी काही बोलत नाही. भांडी जरा जोरात आपटते.

रविवारी रात्री जेवणं आटोपली की साताऱ्याच्या त्यांच्या घरात ही तपासणी सुरू होते. वाटीत खारे शेंगदाणे, मांडीवर लांबडं रजिस्टर, कानामागे पेन्सिल. रजिस्टरात त्यांनी स्वतः रकाने आखलेत : वाहनाचा प्रकार, मॉडेल, चालक, आढळलेले दोष आणि शेरा. शेरे तीनच. ‘पास’, ‘नापास’ आणि ‘फेरतपासणीस आणावे’. सिनेमा चांगला की वाईट, नटानं काम कसं केलं, असल्या गोष्टींना रकाना नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘चालक’. मामांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. कुणी उत्साहानं नवीन सिनेमाची गोष्ट सांगायला लागलं, की दुसऱ्या वाक्याला मामा हात वर करतात. “ते राहू दे. चालक कोण, ते सांग.” त्यांच्या मते या सिनेमांच्या जाती तीन. एक, चालक दिसतो असे. दोन, चालक नसतोच असे. आणि तीन, चालक असतो पण दिसत नाही असे. पहिल्या जातीत भीती माणसाची असते, दुसरीत भुताची. तिसरीत कशाची, हे सांगता येत नाही, म्हणून तिसरी जात श्रेष्ठ. त्या जातीत मामांनी बसवलेला पहिला सिनेमा ‘ड्युएल’.

‘ड्युएल’चं नाव काढलं की मामांचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. “१९७१. स्पीलबर्ग चोवीस वर्षांचा पोरगा. टीव्हीसाठी केलेला सिनेमा, चित्रीकरण दोन आठवड्यांच्या आत गुंडाळलेलं. आणि आहे काय त्यात? एक मोटार, एक टँकर, एक रस्ता.” मग मुळाची कथा. रिचर्ड मॅथेसन नावाचा लेखक मित्राबरोबर गाडीनं परतत होता. दिवस २२ नोव्हेंबर १९६३, म्हणजे केनेडींना गोळ्या घातल्या तो दिवस. आधीच मन ठिकाणावर नाही, त्यात एक ट्रक मागं लागला. ती धास्ती मॅथेसननं मनात जपून ठेवली आणि १९७१ साली तिची कथा लिहून एका अमेरिकी मासिकात छापली.

“कोणत्या मासिकात?” मामी दर वेळी विचारते.

“होतं एक,” मामा शेंगदाणे शोधू लागतात. “त्यात कथाही यायच्या.”

‘ड्युएल’मधली लाल प्लिमथ व्हॅलियंट आणि तो गंजकट पीटरबिल्ट ट्रक मामांनी इतक्या बारकाईनं तपासलाय, की तो ट्रक उद्या सातारा नाक्यावर आला तर ते त्याला नावानं हाक मारतील. ट्रकच्या पुढच्या बंपरवर एक नाही, निरनिराळ्या राज्यांच्या नंबरप्लेटांची रांग आहे. आपण ते पाहून म्हणतो, बापरे, यानं आधीही माणसं मारलीत! मामा म्हणतात, “नॅशनल परमिटचा माणूस आहे. पण पाट्या अशा लावायच्या नसतात.” बिचारा नायक ढाब्यासारख्या एका हॉटेलात बसून, इथल्या गिऱ्हाइकांपैकी तो ड्रायव्हर कोण असेल, हे बुटांवरून ओळखायचा प्रयत्न करतो. मामांचा जीव तळमळतो. “अरे, बूट काय बघतोस? सगळ्यांची लायसन्सं माग!”

पण मामांच्या दृष्टीनं सिनेमाचा कळस कड्यावरच्या शेवटात नाही. तो अगदी सुरुवातीला, पेट्रोलपंपावर आहे. पंपावरचा माणूस बॉनेट उघडतो आणि नायकाला सांगतो, रेडिएटरचा होज बदलायला झालाय. नायक म्हणतो, बघू नंतर. इथं मामा चित्र थांबवतात आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं पाहतात. लग्न ठरलेली मुलं, परीक्षेला बसणाऱ्या मुली, दूध घालायला आलेला गवळी, कुणाची सुटका नाही. “इथं मेला तो! ट्रकनं नाही मारला. होजनं मारला.” आणि खरोखरच पुढं ऐन चढावर, ट्रक मागं असताना, तो होज फुटतो. गाडी वाफ सोडत रखडू लागते. सगळं जग त्या दृश्याला दैवगती समजतं. मामांच्या रजिस्टरात ‘आढळलेले दोष’ या रकान्यात लिहिलेलं आहे : ‘देखभालीचा अभाव.’

त्या ट्रकवर मामांचा थोडा जीवही आहे. सिनेमा थिएटरसाठी लांबवताना त्यात शाळेच्या बसचा प्रसंग घातला. बस बंद पडलेली असते. नायक आपल्या गाडीनं ती ढकलू पाहतो, तर त्याचाच बंपर अडकतो. तेवढ्यात तो राक्षस ट्रक येतो आणि मुलांनी भरलेली बस अलगद ढकलून देतो. “बघ,” मामा म्हणतात, “आत माणूस आहे. ट्रकनं आपणहून कधी कुणाची बस ढकलली नाही.” शेवटी ट्रक दरीत कोसळतो तेव्हा स्फोट होत नाही. टीव्हीवाल्यांना स्फोट हवा होता म्हणे, स्पीलबर्गनं ऐकलं नाही. मागे ‘ज्वालाग्राही’ लिहिलेला टँकर आणि साधी ठिणगी नाही, यावर जाणते लोक वाद घालतात. मामांचा निकाल केव्हाच लागलाय. “टँकर रिकामा होता. भरलेली गाडी घेऊन कुणी असा पळत नाही, रिकाम्या गाडीवाल्यालाच हा माज असतो.”

‘चालक नसतोच’ या जातीतले सिनेमे मामा पाहतात, पण कागदपत्रं अपुरी असलेल्या माणसाकडे पाहावं तसे. १९७७चा ‘द कार’ घ्या. अमेरिकेतल्या एका वाळवंटी गावात काळी लिंकन येते, सायकलवाल्यांना उडवते, पोलिसांना उडवते आणि वर विजयाचा हॉर्न वाजवते. टीव्हीवरच्या बॅटमॅनची गाडी बनवणाऱ्या जॉर्ज बॅरिसनंच ही बनवली. दारांना बाहेरून मुठीच ठेवल्या नाहीत. आपल्याला शहारा येतो तो त्यामुळेच, की आत जायला वाट नाही. मामांना वेगळीच चिंता. “मूठ नाही, मग आणीबाणीत प्रवाशानं उतरायचं कसं? नापास.” ही गाडी स्मशानभूमीच्या पवित्र जमिनीवर पाऊल, म्हणजे चाक ठेवू शकत नाही. मुलं तिथं लपतात, शाळेतली बाई आतून गाडीला शिव्या घालते आणि गाडी फाटकाशी चरफडत फिरते. मामीला हे दृश्य फार पटतं. वेशीच्या आत न येणारी भुतं तिच्या आजोळी पुष्कळ होती. मामा मात्र म्हणतात, “नो एंट्रीची पाटी पाळणारी ही पहिलीच खुनी गाडी. तेवढ्यापुरती शाबासकी.”

स्टीफन किंग यानं तर ट्रकांचं बंडच उभं केलं. ‘मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह’ हा त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेला एकमेव सिनेमा, १९८६चा. धूमकेतूच्या शेपटीत पृथ्वी सापडते, यंत्रं बिथरतात, बिनड्रायव्हरचे ट्रक एका पेट्रोलपंपाला वेढा घालतात. एकाच्या तोंडावर हिरव्या राक्षसाचा मुखवटा. माणसं मरतात, पण ट्रकांचं डिझेल संपत येतं आणि ते हॉर्न वाजवून सांकेतिक भाषेत माणसांनाच सांगतात, टाक्या भरा! सिनेमाला जाणकारांनी झोडपलं, मामांनी मात्र उठून टाळ्या वाजवल्या. “सैतान असो नाहीतर धूमकेतू, डिझेलवाचून कुणाचं चालत नाही. एवढं खरं बोलणारा दुसरा सिनेमा दाखव.” १९७४च्या ‘किलडोझर’मध्ये उल्केतली शक्ती बुलडोझरमध्ये शिरते आणि तो बेटावरच्या कामगारांना मारत सुटतो. तिथं मामांचं डोकं फिरतं. “बुलडोझर पळून पळून किती पळणार? ही माणसं गाडीनं मेली नाहीत, आळसानं मेली.”

मामांची धाकटी मुलगी पुण्यात शिकते. तिनं एकदा मुद्दाम ‘रबर’ नावाचा २०१०चा सिनेमा लावला. त्यात गाडी नाहीच. वाळवंटात पडलेलं एक टायर उठतं, गडगडत निघतं आणि थरथरून नुसत्या इच्छाशक्तीनं माणसांची डोकी उडवतं. शेवटपर्यंत मामांनी चित्र थांबवलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाबा हरले. सिनेमा संपल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि गंभीरपणे विचारलं, “ट्यूबलेस होतं का?”

पण मामा-मामींचा खरा वाद ‘क्रिस्टीन’वरून. १९८३ साली किंगची कादंबरी आली आणि त्याच वर्षी जॉन कार्पेंटरनं तिचा सिनेमा केला. चष्मा लावणारा, सगळ्यांनी टवाळी करावी असा एक पोरगा गंजून सडलेली १९५८ची लाल प्लिमथ फ्युरी विकत घेतो, तिला नवी करतो आणि तिच्या नादानं स्वतःच बदलत जातो. चष्मा जातो, मित्र जातो, आईबाप जातात. गाडी रेडिओवर जुनी गाणी लावते आणि त्याच्या वाईटावर असलेल्यांना चिरडते. कुणी ठोकून तिचा चेंदामेंदा केला, तर रात्रीतून आपली आपण दुरुस्त होते.

मामांचे आक्षेप मुद्देसूद आहेत. किंगनं पुस्तकात गाडीला चार दारं दिली, त्या साली फ्युरी फक्त दोन दारांची निघे. गाडी लाल, खरी फ्युरी तेव्हा फिकट बदामी रंगात येई. “रंग बदलला, तर आर.सी. बुकात नोंद कुठाय?” पुस्तकातल्या क्रिस्टीनचं मैलांचं मीटर उलटं फिरतं, त्याचं लोकांना अप्रूप. “जुन्या गाड्यांच्या बाजारात चल माझ्याबरोबर,” मामा म्हणतात. “सगळीच मीटरं उलटी फिरलेली दाखवतो. त्याला भूत लागत नाही, दलाल लागतो.” दुरुस्त होण्याचं दृश्य मात्र ते पुन्हा पुन्हा लावतात. गाडीच्या आत हायड्रॉलिक पंप बसवून पत्रा आत ओढून घेतला आणि ती फीत उलटी चालवली, असं ते आल्यागेल्याला समजावतात. या एका सिनेमासाठी वीसहून जास्त जुन्या प्लिमथ गोळा केल्या आणि त्यांतल्या बहुतेक मोडून टाकल्या, हे सांगताना त्यांचा गळा दाटतो. “खरे खून ते. बाकी सगळा टोमॅटो सॉस.”

मामीचा आक्षेप एकच आहे. “हा सिनेमा आमच्या घरावर काढलाय.” कारण मामांचीही एक गाडी आहे. पांढरी, जुनी, रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसली जाणारी. पावसाचे चार थेंब पडले की मामा आधी गाडीवर ताडपत्री घालतात आणि मग वाळत घातलेल्या साड्यांची आठवण काढतात. मामीच्या बोटाला चिमटा बसेल इतक्या जोरात दार लागलं, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला, “जपून, बिजागरी जुनी आहे!” मामीला म्हणून १९८३च्या क्रिस्टीनपेक्षा आपला २००४चा ‘टार्झन : द वंडर कार’ आवडतो. अब्बास-मस्तानचा. गाडीचं डिझाइन चोरून लोक अजय देवगणला मारतात, त्याचा आत्मा गाडीत येतो, पुढं त्याचाच मुलगा ती मोडकी गाडी घरी आणून उभी करतो. मग गाडी एकेका खुन्याचा हिशेब करते आणि मधल्या वेळात पोराचं प्रेमप्रकरणही मार्गी लावते.

“बघा,” मामी म्हणते, “ती तिकडची गाडी पोराला घरापासून तोडते. आपल्याकडची गाडी बापाला घरी आणते.”

मामांच्या या एवढ्या रजिस्टरात इतकं नेमकं वाक्य नाही आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते फक्त पुटपुटतात, “मृत व्यक्तीच्या नावावरचं वाहन हस्तांतरित करून घ्यावं लागतं.” शेरा : फेरतपासणीस आणावे.

चालक दिसणाऱ्या सिनेमांबद्दल मामा थोडक्यात आटोपतात. १९९७चा ‘ब्रेकडाउन’ त्यांना आवडतो. त्यात गाडी बंद पडते आणि लिफ्ट देणारा ट्रकवाला नायकाची बायकोच पळवतो. २००१चा ‘जॉय राइड’ त्यांच्या मते ‘ड्युएल’चा धाकटा भाऊ. रेडिओवर ट्रकवाल्याचा फक्त आवाज, चेहरा नाही. “पण कुरापत पोरांनी काढली, हे रजिस्टरात आलं पाहिजे.” आणि २०२०च्या ‘अनहिंज्ड’मध्ये हिरवा दिवा लागूनही हलत नाही म्हणून एक बाई रसेल क्रोच्या मागून जोरात हॉर्न वाजवते. सौम्य हॉर्न का नाही वाजवला, माफी माग, एवढ्यावरून तो माणसं मारत सुटतो. मामा पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाले, “या हिशेबानं पुण्यात दुपारपर्यंत कुणी उरायचं नाही.”

इतके सिनेमे पाहूनही मामांचं मत पहिल्यापासून एकच आहे, गाडीचा कधी काही दोष नसतो. ब्रेक फेल होत नाहीत, ते कुणीतरी तपासलेले नसतात. त्यांच्या नोकरीतल्या ज्या गोष्टी ते रंगवून सांगत नाहीत, त्या बहुधा या एका वाक्यात असाव्यात. भुताच्या गाडीवर त्यांचा राग आहे तो म्हणूनच. भूत म्हटलं, की देखभालीची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी मी त्या दोघांबरोबर पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मामांच्या गाडीतून. शिरवळला थांबून त्यांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरचा होज बोटांनी चाचपला. प्रत्येक खेपेला ते हे करतात. आम्ही खंबाटकीला लागलो तेव्हा दिवस मावळला होता. मामा घाटात गाडी कशी चालवतात, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. नियमात बसेल तेवढ्या सावकाश. मागून एक ट्रक येऊन लागला. त्यानं हॉर्न दिला, दिवे मारले, पुन्हा हॉर्न दिला.

“बघितलंस?” आरशात पाहत मामा खुशीत म्हणाले. “ड्युएल!”

“अहो, त्याच्या सिनेमात खलनायक आपण आहोत,” मामी म्हणाली. “सोडा त्याला पुढं.”

मामांनी गाडी डावीकडे घेतली. ट्रक धडधडत पुढं गेला आणि मामा एकदम ताठ झाले. “उजवा टेल लॅम्प बंद आहे त्याचा!”

पुढचा प्रकार मी मागच्या सीटवर बसून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी गाडी पळवली. ट्रकच्या मागं जाऊन त्यांनी डिपर मारले, हॉर्नवर हात ठेवला, खिडकीतून हात काढून खुणा केल्या. ट्रकवाल्यानं वेग वाढवला. मामांनीही वाढवला. तो लेन बदलायचा, तसे हेही बदलायचे. मामी देवाचं नाव घेत होती आणि मधूनमधून मामांचंही. घाट उतरून सुरूरच्या अलीकडे ट्रक एका ढाब्याच्या उजेडात वळला आणि थांबला. आम्ही त्याच्या मागं जाऊन उभे राहिलो. क्लीनर हातात टॉमी घेऊन खाली उतरला, त्याच्यामागून ड्रायव्हर. मिसरूड फुटलेला पोरगा, कपाळावर घाम.

मामा उतरले आणि काही न बोलता डिकी उघडून बल्ब काढला. त्यांच्या गाडीला बारा व्होल्टचा बल्ब लागतो. हा चोवीस व्होल्टचा होता, ट्रकचा. असे चारदोन बल्ब ते स्वतःच्या पैशानं घेऊन डिकीत बाळगतात, हे मला त्या दिवशी कळलं. टॉमीवाल्यानंच मग मुकाट्यानं स्क्रू काढले, मामांनी बल्ब बसवला, दिवा लागला. पोरगा घाम पुसत हसला.

“काका, जीव गेला होता माझा. मागून नुसते दिवे दिसत होते. गाडीत कोण आहे, काही कळंना.”

मामांचा चेहरा असा उजळला, जणू स्पीलबर्गनं फोन केला असावा. पण सवय ती सवय. त्यांनी चष्मा सारखा केला, हात पुढं केला आणि म्हणाले, “लायसन्स बघू तुझं.” या काकांना आता तो अधिकार आहे का, असा प्रश्न न विचारता पोरानं खिशातून लायसन्स काढून दिलं. मामांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचलं.

मामीनं खिडकीची काच खाली केली.

“आता तुमचंही दाखवा त्याला,” ती म्हणाली. “मागं कोण लागलं होतं, ते त्यालाही कळू द्या.”